डॉक्टर बोझुराचा नंबर

राइना मिंचेवाला घाबरायला कारण लागत नसे. डॅन्यूबकाठच्या त्या गावातल्या इस्पितळात सव्वीस वर्षं तिनं एकच काम केलं, माणसांचे नंबर सांभाळायचे. कचेरीतले विंडोजवाले संगणक माणसाला नावानं ओळखत, एक्स-रे विभागातले लिनक्सवाले फक्त नंबरानं. फायली मात्र सगळ्यांच्या एकाच सामायिक डिस्कवर. अमुक नाव म्हणजे तमुक नंबर, ही जोडयादी राइनाकडे. एक ओळ चुकली की एकाची फाईल दुसऱ्याच्या हाती जायची, म्हणून रोज निघताना ती यादी दोनदा वाचायची. लोक हसायचे. हसोत बापडे.

पण घात झाला तो यादी बरोबर असताना. कुणी निवृत्त झालं की तळघरातलं त्याचं कपाट नव्या माणसाला द्यायचं, ही तिथली जुनी काटकसर. राइना नंबराचंही तसंच करायची. मार्चमध्ये डॉक्टर बोझुरा निवृत्त झाल्या. तिनं त्यांचं नाव खोडलं आणि एक्स-रेला नव्यानं लागलेल्या क्रुम व्लाएवला त्यांचा १०४७ देऊन टाकला. नाव गेलं, पण डिस्कवरच्या फायली १०४७च्याच राहिल्या. डॉक्टरबाईंनी जिवापाड जपलेल्या फायलींचा मालक आता क्रुम होता, आणि हे राइनाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गुरुवारी सकाळी क्रुम कॉफीचे दोन कप घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"राइना मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"कसले रे उपकार?"

"डॉक्टरांच्या फायली मला उघडून दिल्यात ना. माझी बायको सापडली त्यात. वर्षभर शोधत होतो."

एक कप तिच्यापुढे ठेवून तो गेला. राइनानं फायली चाळल्या. इलियाना व्लाएवा, क्रुमची बायको. दोनदा मोडलेल्या बरगड्या, गळ्यावरच्या वळांचे फोटो, तिचा जबाब, आणि खाली तिचा नवा पत्ता. फाईल त्याच सकाळी आठ चाळीसला उघडली होती.

तिचा साहेब ओग्न्यान तिच्याहून दहा वर्षांनी लहान. त्यानं सगळं ऐकून दार लोटून घेतलं.

"नंबर बदला आणि गप्प बसा. कुणी विचारलंच तर जुनी गडबड म्हणायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची, मावशी. कशाला विस्तव हातात घेता?"

खरं सांगायचं तर राइनाला तो सल्ला पटला. दहा मिनिटं ती तशीच बसून राहिली. मग फायलीतला इलियानाचा फोन नंबर तिनं फिरवला.

"कोण बोलतंय?"

"तू ओळखत नाहीस मला. तुझा पत्ता क्रुमला मिळालाय. चूक माझी आहे. त्याची ड्युटी दोनला सुटते, त्याच्या आत बाहेर पड."



"कुठं जाऊ?"

याचा विचार राइनानं केलाच नव्हता. नवरा गेल्यापासून ती एकटी राहत होती. तिनं आपलाच पत्ता सांगितला.

दुपारी ती पोलिसांकडेही गेली. त्यांनी तक्रार नीट लिहून घेतली आणि सोमवारी क्रुमला बोलावतो म्हणाले.

आदल्या दिवशीच्या धावपळीत राहिलं होतं ते शुक्रवारी सकाळी आल्याआल्या तिनं केलं, क्रुमला कुणीच न वापरलेला कोरा नंबर दिला. डॉक्टरांची एकही फाईल आता त्याला उघडता येणार नव्हती. हुश्श करून ती खुर्चीत टेकते आहे तोच तो रिकामा कप न्यायला आला.

"काल बेकरीत दिसलात, मावशी."

"हो, गेले होते."

"एकट्या बाईला दोन पाव लागतात?"

"बहीण आलीय," राइना म्हणाली. तिचा आवाज कापरा झाला होता, आणि ते दोघांनाही ऐकू आलं.