ओंडक्याचं लाल गणित

सन २००३. मी छप्पन्न वर्षांचा होतो, आलापल्लीकडच्या एका लाकूड डेपोत सागाची मापं घ्यायचो. शिक्षण तिसरी, पण टेप हातात असला की कोणाचं ऐकत नव्हतो.

डेपोत कॉम्प्युटर आला, त्यात प्रोग्राम बसवायला नागपूरहून एक बाई आली. तो बरोबर चालतो का पाहायला डेपोच्या वहीतली, उत्तर आधीच माहीत असलेली बत्तीस गणितं ती त्याला घाली. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. मी मोजलेल्या एका ओंडक्याचं गणित लाल आलं.

साहेब म्हणाले, "म्हातारा चुकला. याले मापावरून काढा."

बाईनं माझं गणित एकटंच चालवलं, तर हिरवं. सगळ्यांसोबत चालवलं, तर पुन्हा लाल. मग ती निम्मी गणितं बाजूला काढून पाही, उरलेल्यातली पुन्हा निम्मी. दरवेळी चष्मा काढून डोळे दाबायची. मी स्टुलावरून हललो नाही.

"काकाजी, जेवून या ना."

"मी खोटा ठरून राह्यलो बाई, घास कुठी उतरते?"

दुपार कलल्यावर सापडलं. आधी चालणारं बांबूचं गणित माप फुटावर नेई आणि मीटरवर परत आणतच नसे. लगेच मागून येणारं माझं त्यामुळे फुटात होऊन लाल पडे.

"पडला तोच चुकला असं नसते, काकाजी," ती थकून म्हणाली. "त्याच्या आधी कोण येऊन गेलं ते पाहा लागते."

तिनं साहेबांनाही तेच सांगितलं. माझं काम राहिलं. मी छाती काढून उभा होतो, तिचं नावही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, मी डेपोत जाऊन तो ओंडका पुन्हा मोजला. दोनदा मोजला.