गाडी चालली, पण रस्ता दिसला का?

पडद्यावरचा ट्रक हवेत उभा होता. बाजूला बर्फाचे डोंगर, विजेचे खांब, पेट्रोल पंप, सगळं जागच्या जागी. फक्त जिथे डांबर पाहिजे तिथे निळं आकाश. गफूरभाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिनीयर साहेब, रोड कुठं गेला?"

मला काय माहीत कुठे गेला. यवतमाळहून वणीपर्यंत एसटीत उभ्यानं आलो होतो, डोकं आधीच तापलेलं. मी म्हणालो, "पाहून राह्यलो न, जरा दम धरा."

तेव्हा मी यवतमाळच्या एका कॉम्प्युटर सर्व्हिसच्या दुकानात नोकरीला होतो. वणीकडची कामं माझ्याकडे असायची: एका बँकेचं मेंटेनन्स, दोन शाळांच्या लॅब, आणि बस स्टँडमागचं मंगलाताई खोब्रागडे यांचं गेम सेंटर. ताईंची आधी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, मग पोरं गेम खेळायला यायला लागली. पण ती वर्षं कापसाच्या पडत्या भावाची. जिनिंग मिलचे भोंगे बंद झाले, बाजारात माणूस दिसेना, आणि अशा वेळी घरात सगळ्यात आधी पोरांच्या गेमचे पैसे बंद होतात.

सेंटर टिकलं ते कोळशाच्या ट्रक ड्रायव्हरांमुळे. खाणीवर लोडिंगचा नंबर लागेपर्यंत तासन्‌तास बसून राहावं लागायचं. त्या वेळात ही मंडळी ताईंकडे यायची आणि पैसे देऊन काय खेळायची, तर ट्रक चालवण्याचा गेम. मी एकदा गफूरभाईंना विचारलं, "दिवसभर तेच करता, मग इथं बी ट्रकच?" ते म्हणाले, "इथं पोलीस हात नाही दाखवत."

आता थोडं तांत्रिक सांगतो, घाबरू नका. ताईंच्या सगळ्या मशीनवर लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम, पण फुकट, आणि तिचा आतला मजकूर कुणीही उघडून वाचावा, बदलावा असा. गेम मात्र विंडोजसाठी बनवलेला. मग मध्ये वाइन नावाचं एक सॉफ्टवेअर लागतं. त्याचं काम दुभाष्याचं. गेम विंडोजच्या भाषेत काही मागतो, वाइन ते लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतं. आणि शेवटी पडद्यावर चित्र उमटवतं ते ग्राफिक्स कार्ड. त्या कार्डाशी सिस्टिमचं बोलणं करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर.

एवढा खटाटोप कशाला? तर ताईंना चोरीचं विंडोज चालत नव्हतं. गेमच्या सीडी त्यांनी विकत घेतलेल्या होत्या, प्रत्येक मशीनवर ओरिजिनल विंडोज परवडत नव्हतं. गावात सगळे कॉपी मारत असताना ही बाई म्हणायची, "ज्या दुकानात मी पोराइले शिकवते, त्या दुकानात चोरीचा माल नोको." मला त्या बाईचं कौतुक होतं आणि तिच्या कामाला जायचं म्हटलं की कपाळावर आठ्याही यायच्या. दोन्ही खरं आहे.

आणि या वेळेस प्रकरण नाजूक होतं. खाणीच्या कॉलनीतल्या क्लबला एक गेम रूम सुरू करायची होती. ते काम ताईंना मिळायची शक्यता होती. क्लबचे सेक्रेटरी मिश्रा साहेब पोळ्यानंतरच्या रविवारी सेंटर बघायला येणार होते. ताईंनी त्यासाठी नागपूरच्या एका बंद पडलेल्या पार्लरमधून खऱ्यासारखे स्टिअरिंग आणि पेडल आणले. पण जुन्या लिनक्सला ते स्टिअरिंग ओळखू येईना. म्हणून त्यांनी सगळ्या मशीनवर नवीन लिनक्स टाकलं. स्टिअरिंग फिरायला लागलं, आणि रस्ता गायब झाला.

"क्लबचं काम नाही भेटलं तर दिवाळीनंतर शटर खाली," ताई म्हणाल्या. "मंग भावाकडे जाईन चंद्रपूरले. त्याच्या घरात बसून काय करू मी?"

हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एका मशीनचं कॅबिनेट उघडलं.

पहिला संशय वाइनवर. मी वाइनच्या जुन्या-नव्या आवृत्त्या टाकून पाहिल्या, फरक नाही. मग बॅगेतलं माझं नवं कार्ड एका मशीनला लावलं. रस्ता आला. ताईंचं जुनं कार्ड परत लावलं. रस्ता गेला. म्हणजे दोष जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं त्या कार्डाकडे लक्ष देणं कधीच सोडलं होतं. लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर जगभरातली हौशी माणसं सांभाळत होती, आणि तो सिस्टिमच्या गाभ्यातच असतो, त्याला कर्नल म्हणतात. स्टिअरिंगची ओळखही त्याच गाभ्यात. जुना कर्नल टाकला तर रस्ता आहे, स्टिअरिंग नाही. नवा टाकला तर स्टिअरिंग आहे, रस्ता नाही.

मी दुकानात फोन लावला. आमचे मालक धोटे साहेब.

"साहेब, सगळी कार्डं बदलावी लागतील."

"तिच्याजवळ पैसे हायेत का?"

"नाही."

"मंग विंडोज टाक अन्‌ ये इकडे."

"ओरिजिनल तिले परवडत नाही."

"ओरिजिनल म्हटलं का मी?"

ताई समोरच उभ्या होत्या. त्यांना पलीकडचं ऐकू आलं असावं. मी फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "ज्यानं हा ड्रायव्हर बनवला, त्यालेच विचारू न."

मी हसलो. "ताई, तो कुठंतरी परदेशात बसला असन. वणीच्या गेम सेंटरले तो कायले उत्तर देईल?"

"नाही दिलं तर नाही दिलं. विचाराले काय जाते?"

असले दोष कळवायला एक जाहीर वेबसाइट असते. ताईंनी तिथे लिहिलं. सुरुवात टायपिंग इन्स्टिट्यूटला शोभेल अशी, 'आदरणीय महोदय'. पुढे मात्र मुद्देसूद: कार्ड कोणतं, कर्नल कोणता, काय दिसतं, काय दिसत नाही, सोबत पडद्याचा फोटो. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. लिहिणारा युरोपातला कोणी, दिवसा दुसरी नोकरी करून हा ड्रायव्हर सांभाळणारा. त्यानं लिहिलं होतं की माझ्याकडे हे कार्ड आता उरलेलं नाही, तुमच्याकडे आहे याचा आनंद झाला. नेमक्या कोणत्या बदलानं हे बिघडलं ते तुम्ही शोधून द्याल का?

शोधून द्याल का म्हणे. जुन्या आणि नव्या कर्नलच्या मध्ये हजारो बदल होते. पण त्याची एक रीत आहे, आणि ती मला आजही फार सुंदर वाटते. सगळे बदल ओळीनं लावायचे आणि बरोबर मधला घ्यायचा. तिथपर्यंतचा कर्नल बनवायचा आणि चालवून पाहायचा. रस्ता दिसला, तर दोष पुढच्या अर्ध्यात. नाही दिसला, तर मागच्या अर्ध्यात. मग उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मधला. असं करत करत हजारोंतून एक बदल हातात येतो.

अडचण वेळेची. एक कर्नल तयार करायला त्या मशीनला बरेच तास लागायचे, त्यात भारनियमन. ताईंनी लाइट जाण्याच्या वेळा पाहून कामाचं गणित बसवलं. लाइट आली की मशीन कर्नल बनवायला लावायची, जायच्या आत पूर्ण झालं पाहिजे. मी बँकेचं काम उरकून यायचो. आणखी एक भानगड होती. गेममधल्या गावातल्या गल्लीत रस्ता नेहमीच दिसायचा. गायब व्हायचा तो हायवेला लागल्यावर. म्हणजे प्रत्येक कर्नलवर कुणीतरी ट्रक शहराबाहेर काढायला पाहिजे. मी दोनदा प्रयत्न केला, दोनदा नाल्यात गेलो.

"तुमी राहू द्या बाप्पा," गफूरभाई म्हणाले, "हे आमचं काम हाय."

मधल्या कर्नलांवर स्टिअरिंग चालत नव्हतं, म्हणून या लोकांना कीबोर्डच्या बाणांवर ट्रक चालवावा लागत होता. कुरकुर भरपूर झाली, पण ज्याचा नंबर खाणीवर लांब असेल तो येऊन बसायचा. परत जाताना ताईंना सांगायचा, गाडी चालली की नाही. ताई तेवढं मशीनला कळवायच्या, मशीन पुढचा मधला काढून द्यायचं. मी इतक्या ऑफिसांत कामं केली, पण एवढी शिस्तीत चाललेली टेस्टिंग मी कुठे पाहिलेली नाही.

शुक्रवारी शोध संपला. एकच बदल उरला. मी उत्साहात उघडला, आणि तो निघाला कुठल्याशा लॅपटॉपच्या आवाजासाठी केलेला. त्याचा रस्त्याशी काही संबंध असूच शकत नव्हता.

त्या परदेशी माणसालाही ताईंनी तो कळवला. त्याचं उत्तर सभ्य होतं: एखादी चाचणी चुकली असेल का?

माझा मात्र तोल गेला. "झालं. आता रविवारी मिश्रा साहेबाले आवाज ऐकवा," मी म्हणालो. "मी टाकतो विंडोज. एक दिवसापुरतं. कोणाले समजते?"

"मले समजते न," ताई म्हणाल्या.

त्या चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि जो जो ड्रायव्हर खेळून गेला होता त्याला बोलावून विचारत सुटल्या. गफूरभाई चहा पीत बाहेरच होते.

"गफूरभाई, बुधवारी तुमी म्हटलं गाडी चांगली चालली. आठवते?"

"हौ. मस्त चालली. पार दुसऱ्या शहरापर्यंत नेली, एक बी डेंट नाही."

"रस्ता दिसला का?"

"रस्ता?" गफूरभाईंनी कप खाली ठेवला. "रस्ता नव्हता. पण खांब दिसून राह्यले होते न दोन्हीकडचे. खांबाच्या मधून नेली."

मी खुर्चीवर बसलो.

"अहो, मग रस्ता नाही म्हणून काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी इचारलं गाडी चालली का. चालली." गफूरभाईंना खरोखरच प्रश्न कळत नव्हता. "साहेब, उन्हाळ्यात खाणीच्या रोडवर येऊन पाहा. कोळशाच्या धुळीत रोड कोणाले दिसते? समोरच्या गाडीचा लाल लाइट अन्‌ बाजूचे खांब पाहूनच गाडी काढा लागते. मले वाटलं या गेममधल्या देशात बी तसंच असन."

ताई आधी गंभीर राहिल्या, मग तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, मग मीही. माझा सगळा राग तिथेच उतरला. ज्या माणसानं रस्ता नसताना, कीबोर्डच्या बाणांवर, एक ओरखडा न येऊ देता ट्रक दुसऱ्या शहरात नेला, त्याच्यावर रागावणार तरी कसं? उलट मला त्याच्या हाताचं नवल वाटलं.

ताईंनी त्या बुधवारच्या उत्तरापर्यंतची वाट कायम ठेवली आणि तिथून पुढचं सगळं पुन्हा केलं. आता प्रश्न बदलला. गाडी चालली का, असं कुणालाच विचारायचं नाही. हायवेला लागल्यावर डांबर दिसलं का, एवढंच विचारायचं. जवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडचा जनरेटरही ताईंनी मागून आणला आणि रात्रभर सगळी मशीन कामाला लावली, म्हणून वेळ निभावली.

शनिवारी दुपारी नवा बदल हाती लागला, आणि या वेळी तो ग्राफिक्स ड्रायव्हरमधलाच होता. ताईंनी कळवलं. संध्याकाळच्या आत उत्तर आलं. त्या माणसानं ड्रायव्हरमध्ये एक तपासणी घातली होती: कार्डाकडे जाणाऱ्या प्रत्येक चित्राचं माप बघायचं, चुकीचं वाटलं तर अडवायचं. हायवेच्या डांबराचं चित्र लांबच लांब पट्टीसारखं. जुन्या कार्डाच्या बाबतीत मापाचा हिशेब चुकत होता आणि बिचारं डांबर दारातच अडत होतं. दुरुस्ती फक्त एका ओळीची. त्यानं ती पाठवली, माझी चूक होती असं सरळ लिहिलं, आणि वर ताईंचे आभार मानले. मी ती ओळ घालून नवा कर्नल बनवला.

गफूरभाई स्टिअरिंगवर बसले. ट्रक गावाबाहेर पडला. आम्ही दोघं मागे उभे. हायवे आला, आणि खाली काळंभोर डांबर, मधोमध पांढरे पट्टे.

"दिसून राह्यला," गफूरभाई म्हणाले. "आता कसं झकास वाटते."

ताईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. माझेही डोळे भरले असतील.

रविवारी मिश्रा साहेब आले, स्टिअरिंगवर बसले आणि दिसत असलेला रस्ता सोडून थेट पेट्रोल पंपात घुसले. "ब्रेक किधर है?" असं विचारत मनसोक्त हसले. क्लबचं काम ताईंना मिळालं. दिवाळीनंतर शटर खाली आलं नाही. धोटे साहेबांनी मला एवढंच विचारलं की एका ओळीसाठी इतके दिवस लागतात का.

एक गोष्ट राहिली. या लोकांची रीत अशी, की दुरुस्ती लिनक्समध्ये कायमची जाते तेव्हा तिच्याखाली ती तपासणाऱ्याचं नाव लिहितात. त्या माणसानं ताईंना विचारलं, काय नाव लिहू? ताईंनी स्वतःच्या नावाबरोबर गफूरभाईंचं आणि बाकीच्या ड्रायव्हरांचंही दिलं. नवीन लिनक्स आलं तेव्हा त्यांनी गफूरभाईंना पडद्यावर ते दाखवलं.

गफूरभाईंनी विचारलं, "म्हंजे आता दुनियेत जिथं जिथं हे कार्ड असन, तिथं रोड दिसन?"

"हो," ताई म्हणाल्या.

त्यांनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "असं होतं तर आधीच सांगाचं होतं न ताई. मी तर मले चालवता येते का, तेवढंच पाह्यलं. दुसऱ्याले रोड दिसला पाहिजे, हे कोणी सांगितलंच नाही."

मी आजही याच धंद्यात आहे. कस्टमर फोनवर म्हणतो, "साहेब, चालून राह्यलं सगळं व्यवस्थित," तेव्हा मी काम बंद करत नाही. मी विचारतो, पडद्यावर काय दिसते ते सांगा. आमच्या या भागात न दिसणाऱ्या रस्त्यावरून गाडी काढणारे फार लोक आहेत, आणि ते तक्रार करत नाहीत.