बापूंच्या घराची वाकडी मान

चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी साठत जातात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला दर महिन्याला टेम्पो येतो. किस्से कोणी नेत नाही. ते चहाबरोबर पुन्हा पुन्हा निघतात आणि दर वेळी थोडे वजनदार होतात. नाशिकजवळच्या अंबडच्या वर्कशॉपमधला माझा साठा बारा-पंधरा वर्षांचा आहे, पण मित्र जमले की फर्माईश एकाच गाडीची होते, निफाडच्या बापूंच्या घराची.

हो, घराचीच. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. बापू द्राक्ष बागायतदार. कसल्याशा अभ्यास दौऱ्यावर परदेशात गेले आणि तिथे बागा सोडून चाकावरची घरं बघत बसले. तिकडे म्हणे लोक गाडीच्या मागे अख्खं घर जोडतात. घराची पुढची मान गाडीच्या पाठीवर एका गोल प्लेटवर टेकते, मागे घराची स्वतःची चाकं, आणि निघाले गावोगाव. बापूंनी आल्या आल्या तसंच घर एका ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून बनवून घेतलं. ओढायला बॉडी काढलेला जुना ट्रक.

आमच्याकडे माणसं तीन. मालक दामूशेठ, बारा महिने पांढरी सफारी. भामरे मिस्त्री मूळचे सटाण्याकडचे, निम्मं आयुष्य नाशकात गेलं तरी 'आहे'ला 'शे' म्हणायचं सोडलं नाही. आणि मी, डिप्लोमावाला सुपरवायझर. सुपरवायझरचं काम म्हणजे मिस्त्री करतील ते बघायचं आणि शेठ बोलतील ते ऐकायचं.

*

बापूंची तक्रार साधी होती. घराचं दार लागत नाही.

"सुतारानं तीनदा रंधा मारला," बापू म्हणाले. "तो म्हनतो लाकूड फुगलंय."

एप्रिलच्या उन्हात लाकूड फुगतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. रंधा मारून मारून दाराची अशी दशा झाली होती की बंद केल्यावरही मांजर आत-बाहेर करू शकलं असतं. शेठ म्हणाले, "बापू, मग दुसरा सुतार बघा. आपण लोखंडवाले."

बापूंची बायको, वत्सलाकाकी, पिशवी घेऊन बाजूला उभ्या होत्या. मिस्त्रींनी त्यांच्याकडे एक लिंबू मागितलं. काकींना वाटलं सरबत करणार असतील. मिस्त्रींनी ते घराच्या फरशीवर मधोमध ठेवलं. लिंबू गडगडत पुढच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तिथेच.

"दार बराबर शे," मिस्त्री म्हणाले. "घर वाकडं शे."

तीनदा रंधा खाल्लेल्या त्या दाराची मला फार दया आली.

*

आमच्या पाटीवर 'कॉम्प्युटराइज्ड चासी अलाइनमेंट' असं लिहिलेलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर होता आणि अलाइनमेंटही होत होती. दोघांची ओळख नव्हती इतकंच. कॉम्प्युटरवर शेठ दुपारी पत्ते खेळायचे आणि अलाइनमेंट मिस्त्री दोरी आणि चार ओळंबे घेऊन करायचे.

मिस्त्रींनी चारही कोपऱ्यांतून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि तिरकी मापं घेतली. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एक दोरी, उरलेल्या दोघांमध्ये दुसरी. घर सरळ असेल तर दोन्ही दोऱ्या सारख्या भराव्यात. एक दोरी दोन इंच तीन सूत जास्त भरली.

बापू दोरीकडे बघत म्हणाले, "आन् ते कॉम्प्युटरचं?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी ऑफिसात गेलो, मिस्त्रींची मापं टाइप केली, प्रत्येकापुढे दशांश टिंब देऊन उगाच दोन शून्यं वाढवली आणि प्रिंट काढून आणली. बापूंनी कागद दोन्ही हातांनी घेतला, डोक्याला लावला आणि म्हणाले, "आता पटलं."

*

मग प्रश्न आला, घर वाकलं कशानं? मिस्त्री आत शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते यादी घेऊनच. भिंतीएवढा कडाप्पाचा ओटा. त्याच्याखाली पाटा-वरवंटा. खाली फरशी, तीही शहाबादी. संगमरवरी देवघर. आणि हे सगळं ज्याच्यावर उभं, ते लोखंडी चॅनेल उसाच्या ट्रॉलीचं!

"आहो, घर म्हनल्यावर ओटा नको?" बापू म्हणाले. "हिला सैपाकाची अडचन नको म्हनून केलं सगळं."

काकींनी हातातली पिशवी खाली ठेवली. सासू अंथरुणाला खिळलेली, दारात गडीमाणसं, त्यामुळे तीस वर्षांत या बाई एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिल्या नव्हत्या. माहेर वणीला, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सासू गेल्या तेव्हा बापूंनी शब्द दिला, तुला कन्याकुमारी दाखवतो. त्या शब्दाचंच हे घर.

"मला इचारलं होतं का?" काकी म्हणाल्या. "तीस वरसं वट्ट्याम्होरं हुबी हाय. फिरायला निघाले तर वट्टा माज्या मागं!"

मिस्त्रींनी पहार घेतली आणि पहिला घाव ओट्यावर घातला. काकी समोर खुर्ची टाकून शेवटचा तुकडा निघेपर्यंत बघत बसल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, का ते विचारू नका.

*

ओटा गेला तरी लिंबू डाव्या कोपऱ्यातच जाई. तिथे पाचशे लिटरची पाण्याची टाकी होती. एवढं पाणी एका कोपऱ्यात का, तर वास्तुतज्ज्ञांनी सांगितलं होतं. पाणी ईशान्येला हवं. घर बनलं तेव्हा त्याचं तोंड पूर्वेला होतं, म्हणून ईशान्य पुढे डावीकडे.

आमच्या आवारात घराचं तोंड पश्चिमेला होतं. म्हणजे ईशान्येची टाकी आता नैऋत्येला. मी हे सहज बोलून गेलो आणि बापूंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ते वास्तुतज्ज्ञांनाच घेऊन आले. तज्ज्ञांनी होकायंत्र काढलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "घर फिरवून उभं करा."

"इथं फिरवलं," मिस्त्री म्हणाले. "उद्या घाटात दर वळणाला तोंड फिरी. तव्हय काय?"

तज्ज्ञांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी जरा जास्त वेळ. "चालत्या घराला दोष नाही. उभं राहिलं की दोष."

मिस्त्रींना टाकी ॲक्सलवर, बरोबर मध्ये हवी होती. तज्ज्ञ म्हणाले, वास्तूच्या मधोमध ब्रह्मस्थान असतं, ते मोकळं हवं. झालं. अर्धा दिवस कोणी हटेना. शेवटी मिस्त्रींनी दोरी लावून दाखवलं की असल्या घराचा मध्य पुढे असतो आणि ॲक्सल त्याच्या बरंच मागे. ब्रह्मस्थान मोकळं राहिलं आणि टाकी चाकांवर आली. तज्ज्ञ खूश झाले. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "माझी स्कूटर चालवताना एका बाजूला ओढते. हे मिस्त्री बघतील का?"

*

मध्येच एक छोटा किस्सा. गंगापूर रोडचे एक बिल्डर त्यांचा डंपर घेऊन आले होते. चाकावरचं घर बघून थबकले. आत गेले, भिंतींवर टकटक केलं, खिडकीतून अंबडचा धूर बघितला आणि गंभीरपणे विचारलं, "कार्पेट एरिया किती?"

मिस्त्री जॅकवरून डोकं न उचलता म्हणाले, "सरळ झालं का मग सांगतो."

*

आता खरा आजार. टाकी हलवली, जॅक लावून घर सरळ केलं, लिंबू जागेवर राहायला लागलं. शेठनी लगेच रंगाचे डबे मागवले. बापूंनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त काढला होता. द्राक्षांची खरड छाटणी उरकली होती, बागेकडे बघायला भाऊ होता. पण बापूंचा हट्ट असा की त्या दिवशी निघालो तर निघालो, नाही तर यंदा नाही. आणि द्राक्षवाल्याचं 'पुढच्या वर्षी' काय असतं ते निफाडमध्ये कोणालाही विचारा.

मिस्त्री मात्र मानेपाशी अडून बसले. घराची मान आणि धड जिथं जोडलेलं, तिथे त्यांना पुट्टीचा वास येत होता. त्यांनी पुट्टी खरवडली, रॉकेलचं फडकं फिरवलं, जरा थांबून जागा कोरडी पुसली आणि वर खडूची भुकटी चोळली. लोखंडाला तडा असेल तर रॉकेल आत शिरतं आणि थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. आम्ही सगळे उभे. रेघ उमटली. वीतभर लांब.

"अगं बाई," काकी वाकून म्हणाल्या, "ह्ये तर माज्या टाचांसारखं झालंय."

"एवढीशी तर रेघ," शेठ म्हणाले. "वरून एक वेल्ड मारा आणि सोडा."

"वरून मारेलच शे," मिस्त्री म्हणाले. "ट्रॉलीवालानी." म्हणजे ट्रॉलीवाल्याने तसला वेल्ड आधीच मारून वर पुट्टी फासली होती.

त्यांनी ड्रिल घेतलं आणि तड्याच्या दोन्ही टोकांना एकेक भोक पाडलं. बापू कळवळले. "फुटलंय त्यात आनखी भोकं?" भोकाशी येऊन तडा थांबतो, पुढे पळत नाही, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी विचारलं, "हे कॉम्प्युटरवर हाय का?"

आता तडा खोल कोरून भरायचा, दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावायच्या, आणि त्याही एकदम नाही, थंड होऊ देत देत, नाही तर उष्णतेने मान पुन्हा ओढली जाते. मिस्त्री म्हणाले, "आखाजीना नंतर आठ दिन." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बापू म्हणाले, "मंग यंदा ऱ्हायलं." काकींनी पिशवी उचलली आणि गाडीत जाऊन बसल्या. त्यांची पाठ बघून मला शेठचा राग आला आणि मिस्त्रींचाही.

*

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मिस्त्री एका लग्नासाठी सटाण्याला गेले. शेठनी तेवढ्यात डाव साधला. बाहेरून एक वेल्डर आणला, तड्यावर एक जाडजूड वेल्ड ओढला, त्यावर पुट्टी, त्यावर चकचकीत रुपेरी रंग. आणि निफाडला फोन, "या, गाडी तयार!" मी काय केलं म्हणाल तर फोन लावून दिला. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू आणि काकी गाडीभर सामान घेऊन हजर. नारळ, हार, डबे, गाद्या. काकींनी नवं लुगडं नेसलं होतं. मिस्त्रीही येऊन उभे होते. त्यांनी रंगाकडे बघितलं, शेठकडे बघितलं आणि खिशातून तंबाखू काढली.

"मिस्त्री, झालं का नक्की?" काकींनी विचारलं.

"शंभर टक्के," शेठ म्हणाले. "काकी, माझी गॅरंटी. बिनधास्त कन्याकुमारी."

काकींनी एकदा मिस्त्रींकडे बघितलं. ते तंबाखू मळत राहिले. मग काकींनी गाडीतून सतरंजी काढली, घराच्या मानेखाली नीट अंथरली आणि म्हणाल्या, "शेठ, तुमी हितं खाली बसा. आमी दोघं सामान घिऊन वर चढतो. पाच मिंटं. मंग नारळ फोडू."

शेठनी सतरंजीकडे बघितलं. मानेकडे बघितलं. "कपडे पांढरे आहेत हो माझे."

"सतरंजी धुतलेली हाय."

शेठ जागचे हलले नाहीत. काकींनी सतरंजीची घडी घातली. "मिस्त्री, किती दिस म्हनला होता?"

"आठ."

बापूंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मुहूर्त गेला म्हन की वत्सला."

"जातोय कशाला?" काकी म्हणाल्या. त्यांनी नारळ घेतला, घराच्या दगडी पायरीवर फोडला, गादी बगलेत मारली आणि आत शिरल्या. दार ओढून घेतलं. ते लागलं. मग खिडकी उघडून बापूंना म्हणाल्या, "मी मुहूर्तावर निघाले. पयला मुक्काम अंबड. तुमी आठ दिसांनी या मला गाठायला."

मिस्त्रींनी घरातलं गॅसचं सिलिंडर बाहेर काढून ठेवलं, मानेखाली ठोकळे लावले आणि तो रुपेरी रंग ग्राइंडरने उडवायला घेतला. दिवसा काम चाले तेव्हा काकी आवारातल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायच्या. वॉचमनची बायको त्यांच्या सोबतीला आत झोपायला यायची. सकाळी नाक्यावरची मिसळ, दुपारी कॅन्टीनचं ताट. एकदाही त्यांनी चूल पेटवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. बापू होते. आवाज अगदी बारीक. "जरा तिला इचारा, चहाची पावडर कोन्त्या डब्यात हाय?"

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि आवारात जाऊन काकींना निरोप सांगितला. काकींनी मिसळीत पाव बुडवला, शांतपणे खाल्ला आणि म्हणाल्या, "त्यांना सांगा, बाई भाहेरगावी गेल्यात."