नाशिककरांची पेटी

नाशिकच्या माणसाला समुद्राचं वेड असायचं तसं काही कारण नाही. आमच्याकडे नदी आहे, धरणं आहेत, आणि माझ्या लहानपणी मे महिन्यातही पहाटे पातळ पांघरूण ओढून घ्यावं लागायचं. तरी माझ्या वडिलांना ते वेड होतं. सातपूरच्या एका कारखान्यात ते लेथवर काम करायचे. वर्षभर रजा साठवायची, मेमध्ये सगळी एकदम घ्यायची आणि आई आणि मला घेऊन समुद्रावर जायचं, हा त्यांचा नेम. गाव तेच, घर तेच, खोलीसुद्धा तीच.

एस.टी. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत जायची. जव्हारचा घाट उतरला की हवा चिकट व्हायची आणि वडील शर्टाचं वरचं बटण काढायचे. तेवढ्यावरून मला कळायचं की सुट्टी सुरू झाली.

ते गाव मोठं कधीच नव्हतं. एके काळी तिथे बंदर होतं, गवताच्या गंजी आणि लाकूड गलबतांत भरून मुंबईला जायचं. रेल्वे आली आणि बंदर ओस पडलं. त्यानंतर गावाला सांभाळलं ते छातीच्या रोग्यांनी. मुंबईचे डॉक्टर त्यांना हवापालटाला तिकडे पाठवायचे. किनाऱ्यावर सुरूची झाडं, मागे चिकूच्या वाड्या, मध्ये कौलारू घरं. रोगी ओट्यावर आरामखुर्चीत बसून हवा खायचे. रोगी कमी झाले तसे उन्हाळ्याचे पाहुणे येऊ लागले. आम्ही त्यांच्यातलेच.

आम्ही उतरायचो ते घर एका चिकूच्या वाडीत होतं. घरमालकिणीला मी काकू म्हणायचो, वडील वहिनी म्हणायचे. त्या आम्हाला सरसकट नाशिककर म्हणायच्या. "नाशिककर, चहा," अशी हाक आली की तिघंही उठायचो. त्यांच्या सासऱ्यांनी हवापालटवाल्यांना खोल्या द्यायला सुरुवात केली होती. त्या आजाराची लोकांना धास्ती, म्हणून प्रत्येक रोग्याची भांडी, चादरी वेगळ्या ठेवायच्या, त्याची पेटी करून माळ्यावर चढवायची आणि तो परत आला की उतरवायची. रोगी गेले, पण पेट्यांची पद्धत राहिली. दरवर्षी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची एक लोखंडी पेटी त्या माळ्यावर असायची. आमच्या पेटीवर वडिलांनी पांढऱ्या रंगानं 'नाशिककर' असं लिहिलं होतं. आत आमचे पत्र्याचे मग, समुद्रात जाताना आईनं नेसायच्या दोन जुन्या साड्या, माझ्या चड्ड्या, आणि दिंडोरीच्या मामांनी दिलेली ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब. त्या ट्यूबवर बसून मी पोहायला शिकलो.

माळ्यावर कुठली पेटी कुठे, यालाही अर्थ होता. नक्की येणाऱ्यांच्या पेट्या शिडीलगत, हाताशी. ज्यांचं येणं बेभरवशाचं झालं त्यांच्या मागे सरकवलेल्या. अगदी पलीकडच्या भिंतीला जुन्या रोग्यांच्या पेट्या, ज्या न्यायला कुणी आलंच नाही. मी एकदा काकूंना विचारलं होतं, "त्या टाकून का देत नाही?" त्या म्हणाल्या, "पेटी ज्याची त्यानं न्यायची. आपण नाही टाकायची."

आणखी एक रीत होती, आणि माझी सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. येणार असाल तर कळवायचं नाही. येणार नसाल तरच कळवायचं. मेच्या सुरुवातीला काकू माळ्यावरच्या पेट्या उतरवायच्या, कपडे-अंथरुणं उन्हात घालायच्या आणि आपापल्या ठरलेल्या दिवशी पाहुणे अंगणात उभे राहायचे. वडिलांना ही रीत फार आवडायची. "आपण यायचंय हे त्यांनी धरलेलंच असतं," असं ते अभिमानानं नाशिकभर सांगायचे.

नव्वदच्या दशकातली सगळी वर्षं अशीच गेली. जाताना आमच्याकडून येवल्याकडचे कांदे, चिवडा आणि आईच्या कुरडया जायच्या. खाऱ्या हवेत त्या कुरडया दुसऱ्या दिवशी मऊ पडायच्या. काकू न हसता त्या पुन्हा तव्यावर शेकून तळायच्या. येताना त्या चिकू आणि सुके बोंबील द्यायच्या. परतीच्या एस.टी.त जव्हारला चढणारा कंडक्टर दरवर्षी नाक धरून विचारायचा, "कुणाचं हाय हे? टपावर टाका, नायतर तुमीच टपावर बसा." वडील खिडकीबाहेर बघत बसायचे, जणू बोंबील दुसऱ्याच कुणाचे होते.

मग मी नोकरीला लागलो, एक जुनी गाडी घेतली, लग्न झालं. बायको दिंडोरीकडची, द्राक्षबागायतदारांच्या घरातली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिला समुद्रावर न्यायचं ठरलं आणि मला काकूंच्या घराची लाज वाटायला लागली. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही, पण तसं झालं होतं. न्हाणीघर घराबाहेर, विहिरीचं पाणी मचूळ, साबणाला फेस येत नाही, रात्री कौलांवर उंदीर. मला वाटलं, ही काय म्हणेल. त्याच गावात, सुरूच्या बनापलीकडे, नवीन रिसॉर्ट झालं होतं. थंड खोल्या, पोहण्याचा तलाव. मी तिथे दोन खोल्या ठरवून टाकल्या.

काकूंना 'येत नाही' असं कळवणं भाग होतं. रोज ठरवायचो, फोन उचलायचो, ठेवायचो. शेवटी केलाच नाही. आणि वडिलांना सांगितलं, "या वेळी दोन खोल्या लागणार म्हणून मी फोन केला होता. काकू म्हणाल्या, या वर्षी जागा नाही, सगळं भरलंय."

वडील जेवत होते. घास तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "वहिनी असं म्हणाल्या? आपली खोली दुसऱ्याला दिली?"

"हो. गर्दी वाढलीय ना आता तिकडे."

त्यांनी घास ताटात ठेवला. आई म्हणाली, "असेल हो, त्यांनाही संसार आहे." वडिलांनी मान हलवली, पण त्या दिवसापासून प्रवासाचा विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही. एरवी ते एप्रिलपासून बॅग भरायला घ्यायचे.

आम्ही गेलो. रिसॉर्ट चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. तलावात उतरायला नायलॉनचेच कपडे हवेत असा नियम होता. वडिलांकडे सुती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. ते काठावर खुर्ची टाकून निळ्या पाण्याकडे बघत बसले. संध्याकाळी म्हणाले, "ह्याला वास नाही कसला."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं. ओहोटी होती, ओली वाळू कडक झालेली, चालायला सोपी. मी त्यांना दीपगृहाच्या बाजूला वळवायला बघत होतो. ते वाडीच्या दिशेनंच चालत राहिले.

"काकूंकडे कशाला? त्यांच्याकडे पाहुणे असतील," मी म्हणालो.

"आत नाही जायचं. लांबून घर बघू आणि परत फिरू. आता तिथे दुसरे लोक आहेत, त्यांना कशाला त्रास."

वाडीच्या कुंपणापाशी येऊन ते थांबले. अंगणात कुणी पाहुणे नव्हते. बाजेवर आमची पेटी उघडी ठेवली होती, पुढच्या बाजूवरचं 'नाशिककर' आमच्याकडे तोंड करून. दोरीवर आईच्या दोन जुन्या साड्या वाळत होत्या. चिकूच्या फांदीला ट्यूब अडकवलेली, हवासुद्धा भरलेली. आमच्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

वडिलांना रीत माहीत होती. न कळवणारे येतात, येणाऱ्यांची पेटी उतरते. त्यांना दुसरं काही विचारायची गरजच नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणाकडे बघत राहिलो.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. हातात झाडू. "आलात? कालपासून पाणी भरून ठेवलंय. गाडी पंक्चर झाली की काय नाशिककरांची?"

वडील त्यांच्याकडे वळले. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, सामान मागे राहिलंय. पोरगा जाऊन आणतो."

आम्ही दोघं किनाऱ्यानं परत निघालो. पाणी चढायला लागलं होतं. मग ते म्हणाले, "तुला ते घर नको होतं, तर तसं मला सांगायचं होतं. मी ऐकलं असतं. वहिनींच्या तोंडी कशाला घातलंस?"

मी चपला काढून हातात घेतल्या.

"इतके दिवस मी हाच विचार करतोय, की आपल्या हातून तिकडे काय चुकलं. मागच्या वर्षी काही बोललो का. तुझी आई काही बोलली का. काहीच आठवत नव्हतं."

त्यांनी मला रागावून दोन शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खरोखरच शोधत होते, स्वतःची चूक. एवढ्या वर्षांनीही मला त्यातलं तेवढंच टोचतं, बाकीचं मी स्वतःला माफ केलं आहे.

खोलीवर येऊन त्यांनी बॅग भरायला घेतली. आईनं कारण विचारलं नाही, ती पण भरायला लागली. बायकोला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्या नावावर खोटं बोललात तुम्ही?"

"तुला तिथलं पाणी, न्हाणीघर..."

"अहो, मी बागेतल्या विहिरीवर, पाइपाखाली आंघोळ करत मोठी झाले. मला कुठल्या राजवाड्यातून आणलंय तुम्ही?" मग माझा टॉवेल माझ्याकडे फेकून म्हणाली, "तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा. पोहा एकटेच."

रिसॉर्टच्या मॅनेजरनं काळजीनं विचारलं, "साहेब, काही अडचण झाली का?"

"नाही," वडील म्हणाले, "आमचं घर आहे इथे."

दुपारी काकूंकडे सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. काकू खवणीवर नारळ खवत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. फोन केला नव्हता हे, त्यांच्या नावावर काय सांगितलं हे, वडिलांना काय वाटत होतं हे, सगळं. त्या खवत राहिल्या. नारळाची एक वाटी संपली तेव्हा दुसरी घेतली.

"ती टाकी केवढी आहे रे?" त्यांनी विचारलं.

"कुठली टाकी?"

"पोहायची. भरती येते का तिच्यात?"

मी हसलो नाही. त्याही हसल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"कालच कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "दूधवाला सांगून गेला, एमएच पंधराची गाडी रिसॉर्टात लागलीय, तुमचे नाशिककर तर नाहीत? मी म्हटलं, असतील."

"मग तरी पेटी उतरवलीत?"

"उतरवणार नाही तर काय? न येणारे कळवतात. तू कळवलं नव्हतंस."

पुढचे दिवस नेहमीसारखे गेले. वडील सुती चड्डीत समुद्रात उतरले, बायको ट्यूबवर बसली आणि पहिल्याच लाटेला उलटून तोंडात वाळू घेऊन वर आली. मचूळ पाण्याचा चहा तिला आवडला, किंवा तसं ती म्हणाली. काकू मात्र जाता येता मला टोमणा मारायच्या. न्हाणीघराकडे मी बादली घेऊन निघालो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "साहेबांना थंड खोलीत पाणी द्या रे कुणीतरी." आई हसायची. मला वाटतं, त्या टोमण्यांमुळेच मला तिथे राहता आलं. गप्प राहिल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी पळालो असतो.

निघायच्या दिवशी पेटी भरली. एरवी वाडीतला गडी ती माळ्यावर चढवायचा. त्या दिवशी काकूंनी त्याला बाजाराला पाठवलं होतं. मला म्हणाल्या, "तू चढव."

मी शिडीवर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माळा मी नीट पाहिला. कौलातून आलेल्या उजेडात पलीकडच्या भिंतीच्या पेट्या दिसत होत्या, गंजलेल्या, नावं पुसलेल्या. कुणीतरी कधीतरी हवा खायला आलं होतं आणि पुन्हा येईन म्हणून आपला मग आणि चादर ठेवून गेलं होतं. अलीकडे चार-पाच चांगल्या पेट्या होत्या. मधल्या रांगेतही जागा होती.

"कुठे ठेवू?" मी वरून विचारलं.

"ते मला काय विचारतोस?" काकू खालून म्हणाल्या. "तुझं तू ठरव."

वडील शिडीशी उभे होते. ते वर बघत होते. मी शेजारची पेटी थोडी सरकवली, आमची शिडीच्या तोंडाशी ओढली आणि नावाची बाजू बाहेर केली.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसतंय," वडील म्हणाले.

"दिसतंय ना, मग उतर आता," काकू म्हणाल्या. "चहा निवतोय."

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मी त्यांना काहीच कळवलं नाही.