पाण्याच्या दिवशी मॅच नको

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने देते आणि अक्षर असं आहे की दुकानदार माझी सामानाची यादी माझ्याकडूनच वाचून घेतो. तोंडाने सांगायची भीड पडते म्हणून मी यादी लिहून नेते, आणि मग चार गिऱ्हाइकांसमोर ती मलाच मोठ्याने वाचावी लागते.

लिहायचं आहे ते लेकीच्या फुटबॉलबद्दल आणि त्यात अडकलेल्या माझ्या नऊ हजारांबद्दल.

लेक कॉलेजात गेली आणि पहिल्याच वर्षी फुटबॉलच्या संघात गोलकीपर झाली. आमच्या घरात सासूबाईंना अत्ती म्हणतात, कारण घर अर्धं कानडी आहे. अत्तींनी नातीकडून सगळा खेळ समजून घेतला.

"म्हंजे बाकी कुणी चेंडूला हात लावायचा न्हाय?"

"नाही अज्जी. फक्त मी."

"मग तूच मुख्य की!" अत्तींनी निकाल दिला, आणि सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या बोळात नात कॉलेजच्या खेळाची मुख्य आहे असं सांगून आल्या.

त्या वर्षापर्यंत सगळं जवळच्या जवळ होतं. विद्यापीठाने कॉलेजांचे गट पाडलेले, आमचं कॉलेज शहर गटात. मॅच म्हणजे दोन रिक्षा करून जायचं, हरायचं आणि जेवायला घरी यायचं. पण पश्चिम गटातल्या एका कॉलेजचा मुलींचा संघ बंद पडला आणि तिकडे माळशिरस तालुक्यातलं एकच कॉलेज उरलं. एकट्या संघाचा गट होत नाही. म्हणून शहरातलं एक कॉलेज तिकडे द्यायचं ठरलं. कुठलं द्यायचं यासाठी बैठक बोलावली. आमचे खेळाचे सर सोडून बाकी सगळ्या कॉलेजांचे सर हजर होते, आणि सगळ्यांचं एकमत लगेच झालं. आमचं कॉलेज पश्चिमेला गेलं.

सर बैठकीला का गेले नाहीत ते तेव्हा कुणाला कळलं नाही. त्यांनी अर्जात 'अपरिहार्य कारण' एवढंच लिहिलं होतं.

आता एक मॅच त्यांच्या गावी आणि एक आपल्या गावी खेळायची. एवढ्या लांब जायचं म्हटल्यावर पाच पोरींच्या वडिलांनी नावं काढून घेतली. तेरातल्या आठ उरल्या. गाडीचा खर्च आधी आपण करायचा, दोन्ही मॅच पूर्ण झाल्या की सहीच्या कागदासकट बिल लावायचं, मग कॉलेज पैसे देणार. मॅच झाली नाही तर बिल नाही.

सर घरोघर विचारत आमच्याकडे आले. आमचे मालक, म्हणजे लेकीचे वडील, कारखान्यात टॉवेलच्या मागावर गेलेले, अत्ती देवळात. मी दाराआड उभी.

"ताई, गाडी ठरली नाही तर संघाचं नाव कटेल. महिन्याभरात पैसे परत मिळतील, माझी जबाबदारी."

नाही म्हणायला निदान चार वाक्यं लागतात. कारण सांगावं लागतं, समोरच्याकडे बघावं लागतं, वाईट वाटतं म्हणावं लागतं. पैसे द्यायला एकही लागत नाही. मी आत गेले, तांदळाच्या डब्यातून भिशीचे नऊ हजार काढले आणि दाराच्या फटीतून हात बाहेर केला.

ते पैसे मोटारवाल्या मशीनचे होते. मी घरी टॉवेलच्या कडा शिवते, डझनावर मजुरी. पायाच्या मशीनवर दिवसभर पाय मारले तरी जेवढं होतं तेवढंच होतं. मोटार असली तर दुप्पट माल देतो असं व्यापाऱ्याने कबूल केलं होतं, पण दिवाळीच्या आत मशीन घेतलं तरच. दिवाळीला तीन महिने होते.

पोरी माळशिरसकडे जाऊन आल्या. त्या अकरा, आपल्या आठ. लेकीने घरात पाय टाकताच सांगितलं, "आई, नऊ गोल."

"कुणी केले?"

"मी सोडले."

मैदानाला लागूनच ऊस होता. चेंडू उसात गेला की दोन्ही संघ मिळून शोधायचे, आणि तेवढीच काय ती आपल्या पोरींना विश्रांती. जेवण मात्र तिकडच्या खेळाच्या मॅडमनी झकास घातलं होतं. नऊ गोलांपेक्षा शेंगदाण्याच्या आमटीचं वर्णन जास्त वेळ चाललं.

आता सोलापुरातली एक मॅच झाली की माझे पैसे मोकळे.

पहिल्या तारखेला माळशिरसच्या पोरी सकाळी हजर झाल्या. आपल्या आठांतल्या पाचच आल्या. सात असल्याशिवाय मॅच सुरू करता येत नाही म्हणे. त्यांच्या मॅडम भल्या. "आमच्या दोन देते," म्हणाल्या. पण तसं चालत नाही. न खेळता जिंकायला त्या तयार नव्हत्या, म्हणून पुढची तारीख ठरली. त्यांच्या पोरी बाजारातून चादरी विकत घेऊन परत गेल्या.

दुसऱ्या तारखेला सहा आल्या. पहिल्या वेळी न आलेल्या तिघी या वेळी होत्या, पण शुक्रवार पेठेतल्या दोघी नव्हत्या. तिसऱ्या तारखेला त्या दोघी आल्या आणि रेल्वे लाइनीपलीकडच्या दोघी गायब. पुन्हा सहाच. माळशिरसच्या पोरींची मात्र तीन खेपांत दिवाळीची खरेदी उरकत आली होती.

सर भडकले. "तुम्ही पाळी लावून दांडी मारता का?" सगळ्यांच्या अर्जात एकच ओळ होती, 'घरगुती कारणामुळे'.

लेकीने हे जेवताना सांगितलं. मी विचारलं, "पहिली तारीख कुठली होती गं?" तो आमचा पाण्याचा दिवस होता. न आलेल्या तिघी आमच्याच पेठेतल्या. तेव्हा नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येत होतं. एक दिवस आमचा, एक शुक्रवार पेठेचा, एक लाइनीपलीकडचा. ज्या पोरींच्या घरी दिवसा कुणी मोठं बाईमाणूस नसतं त्यांनी पाणी भरायला थांबायचं, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे त्यांनी सांगितलंही नाही. आमची लेक मोकळी, कारण मी घरी असते.

तोवर महिना उलटून गेला होता. पैसे मागायला मी तीनदा कॉलेजात जाऊन आले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून डबा घेऊन गेले. पहिल्यांदा सर फाटकातच भेटले.

"काय ताई, काही काम होतं?"

"डबा," मी म्हटलं.

लेकीचा डबा तिच्याजवळ होताच. दुसऱ्यांदाही डबा. तिसऱ्यांदा सर बाजूच्या सरांना म्हणाले, "या ताई बघा, मुलीला रोज गरम जेवण आणून देतात. अशा आया पाहिजेत." त्यानंतर पैसे मागायची सोयच राहिली नाही. लेक म्हणाली, "आई, दोन-दोन डबे खाऊन मला धावता येईना. बरं तरी गोलकीपर आहे."

मग मी एक केलं. गॅसजवळचं कॅलेंडर काढलं आणि लेकीच्या रंगीत पेनांनी ठिपके दिले. आमच्या पेठेचे हिरवे, शुक्रवार पेठेचे लाल, लाइनीपलीकडचे निळे. एखादा मोकळा दिवस सापडेल अशी आशा होती. सगळा महिना भरला आणि एकही चौकोन बिनठिपक्याचा राहिला नाही. हिरव्याला तिघी कमी, लालला दोघी, निळ्याला दोघी. कुठलाही दिवस धरला तरी सहाच्या वर संख्या जाईना.

अत्तींनी कॅलेंडर पाहिलं.

"यव्वा! हे काय गोवर उठलंय की काय याला?"

"पाण्याचे दिवस आहेत."

"आपला हिरवा, कळलं. ह्या लाल लोकांच्या पाण्याशी तुला काय करायचंय?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलायचं असतं, पण तेवढं लांब बोलणं होत नाही. मी भाजी चिरत सगळं सांगून टाकलं. गट, गाडी, नऊ हजार, सात पोरी. अत्ती खाली बसल्या.

"नऊ हजार?"

"व्हय."

"तांदळाच्या डब्यातले?"

"व्हय." डबा त्यांना ठाऊक होता हे मला तेव्हा कळलं.

"आनि ते पोरी पानी भरत्यात म्हनून अडकलेत?"

"व्हय."

मी आता बोलणी खायची तयारी केली. अत्तींनी कॅलेंडर पुढ्यात ओढलं. मग म्हणाल्या, "अगं, मग पानी आपन भरू की! लालवाल्या दोघी कुटं राहत्यात?"

दोघी चुलत बहिणी, एकाच घरातल्या. आई आणि काकू दोघी कामाला जातात. अत्तींनी लाल दिवसावर बोट ठेवलं. मी ते कॅलेंडर गुंडाळून लेकीबरोबर सरांकडे पाठवलं, चिठ्ठीसुद्धा न लिहिता.

सरांनी ते टेबलावर पसरलं आणि कुठला रंग कुठल्या भागाचा ते तिच्याकडून समजून घेतलं, असं लेक सांगते. मग हळूच म्हणाले, "ती गटाची बैठक होती ना, त्या दिवशी माझ्या खोलीवर पाणी होतं. ते चुकलं असतं तर आणखी तीन दिवस घागरीत खडखडाट. आता हे अर्जात कसं लिहायचं?" सोबतच्या पोरी हसल्या, तसे तेही हसले. म्हणजे आम्ही पश्चिमेला गेलो तेही पाण्यापायीच.

लाल ठिपक्याच्या दिवशी मी आणि अत्ती सकाळीच शुक्रवार पेठेत त्या बहिणींच्या घरी गेलो. किल्ली कुठे असते ते पोरींनी सांगून ठेवलं होतं. नळ सुटला आणि आम्ही दोघी लागलो. पिंप, हंडे, घागरी, बादल्या, मग कुकर, मग कढई. मी भरत होते आणि अत्ती परक्या घरातल्या भांड्यांना नावं ठेवत होत्या.

"ही घागर बघ, तळ कसा काळा. आनि एवढ्या मोठ्या घराला एकच पिंप? ह्यांना पोरी खेळायला पाठवायची अक्कल हाय, पिंप घ्यायची न्हाय."

शेजारीण डोकावली. "तुमी कोन?"

मी घागरीच्या आड झाले. अत्ती म्हणाल्या, "आमी फुटबॉलच्या."

शेजारणीने दोघींना वरून खालपर्यंत पाहिलं आणि घरात जाऊन नवऱ्याला बोलावून आणलं. अत्तींनी त्याला सगळा हिशोब सांगितला, कोणती पेठ, किती पोरी, किती हजार. बोलता बोलता त्यांनी त्याच्या हातात एक बादलीही दिली. तोंडी हिशोब संपला तेव्हा त्याने तीन बादल्या ओतल्या होत्या.

पाणी गेलं तेव्हा आम्ही दोघी ओल्याचिंब होऊन उंबऱ्यावर बसलो. फोन वाजला. लेक नुसती ओरडत होती.

"आई, झाली! मॅच झाली!"

"जिंकलात?"

"हरलो. पाच गोल. पण पूर्ण हरलो, आई! शेवटच्या शिट्टीपर्यंत!"

कागदावर सरांच्या आणि मॅडमच्या सह्या झाल्या. आता पैसे मिळणार असं मला वाटलं. पण ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी बिल परत केलं. खर्चाच्या वहीत शहर गटाचं पान होतं, पश्चिम गटाचं पानच नव्हतं. पान घालायचं तर मंजुरी लागणार, आणि मंजुरी दिवाळीनंतर.

सरांनी स्वतः घरी येऊन हे सांगितलं आणि खिशातून चार हजार काढून दिले. "माझे आहेत, ताई. बिल निघालं की मी माझे घेईन. उरलेल्याचं बघतो." मी पैसे घेतले. नको म्हणायलाही चार वाक्यं लागतात.

अत्ती मात्र गप्प बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या कॉलेजात गेल्या आणि भाऊसाहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या. मी खुर्चीच्या मागे.

"आजी, तुमचा गट बदलला ना, त्याचं पान नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"गट तुमी बदलला. सुनेनं दिलेल्या नोटा शहराच्या हुत्या का पश्चिमेच्या?"

"तसं नाही आजी, नियम..."

"तुमचं घर कुटल्या भागात?"

भाऊसाहेबांनी सांगितलं.

"म्हंजे आज तुमचं पानी. कोन भरतंय?"

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. बायको माहेरी गेली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. अत्तीही पाहत बसल्या, पण उठल्या नाहीत. भाऊसाहेबांनी वही उघडली, शहर गटाच्या पानावर पट्टी ठेवून खाली एक रेघ मारली, रेघेखाली 'पश्चिम' लिहिलं आणि बिल आत प्राचार्यांच्या सहीला पाठवलं. सही होऊन आली तशी पिशवी उचलून ते आमच्या आधी बाहेर पडले.

त्याच आठवड्यात विद्यापीठाचं पत्र आलं. पश्चिमेचा बंद पडलेला संघ पुन्हा उभा राहिला होता, तेव्हा पुढच्या वर्षी आमचं कॉलेज परत शहर गटात. लेकीला वाईट वाटलं. तिला ती आमटी पुन्हा खायची होती. सरांनी मात्र नव्या वर्षाचं वेळापत्रक करायच्या आधी माझ्याकडे निरोप पाठवला, कॅलेंडरचं पुढचं पान ठिपके देऊन मिळेल का.

दिवाळीला सहा दिवस उरले असताना सर उरलेले पाच हजार घेऊन आले. या वेळी मी दाराआड नव्हते, पायाच्या मशीनवर होते आणि उठायला उशीर झाला, त्यामुळे ते सरळ समोरच येऊन उभे राहिले.

"मोजून घ्या, ताई."

लोकांसमोर पैसे मोजायला मला लाज वाटते. पण मी मोजले, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. आधीचे चार आणि हे पाच, नऊ हजार पुरे झाले.

"बरोबर आहेत," मी म्हटलं.