शेवंती एकदाची उभी राहिली

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. माझं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि तेही एका घोडीला शिस्त लावल्यामुळे!

मी डहाणूला रेल्वेत तिकीट खिडकीवर. राहायला मसोलीत. लग्न तलासरीला. वरातीची घोडी आमच्याच गल्लीतल्या रमणकाकांची, नाव शेवंती. दिसायला राणी! पण खोड एकच. रिकिबीत पाय टाकला रे टाकला, की बाई चालू पडायच्या. माझा चुलतभाऊ त्याच्या लग्नात असाच सासऱ्यांच्या पायाशी जाऊन पडला होता. दंडवतासारखा!

"काका, मी हिला उभं राहायला शिकवतो."

"शिकव ने भाई. चालायला तर ती मस्त चालते."

झालं! रोज ड्युटी संपली की मी चिकू घेऊन हजर. चढायचं. हलली नाही, की एक चिकू. लगेच उतरायचं. दहाव्या दिवशी शेवंती अशी उभी, जणू पुतळाच! मी कॉलर ताठ करून गल्लीभर सांगत फिरलो.

लग्नाची सकाळ. तलासरीत मांडवाच्या अलीकडे घोडी टेम्पोतून उतरवली. मी ऐटीत चढलो. शेवंती स्तब्ध! टाळ्या पडल्या. बँड सुरू झाला. वरात पुढे निघाली.

शेवंती? स्तब्धच!

काकांनी लगाम ओढला. मित्रांनी मागून ढकललं. कोणीतरी चिकू दिला, तर ती आणखीनच घट्ट उभी राहिली. अहो, मी तिला पाठीवर घेऊन चालायला कधी सांगितलंच नव्हतं!

अर्धा तास गेला. मुलीचे मामा धावत आले. "जमाईराज, काय कमी पडलं? मोकळं बोला ने!"

कानाशी बँड. मी ओरडलो, "काही नाही हो! घोडीचं अडलंय!"

"गाडीचं?"

"घोडीचं, घोडीचं!"

मामांचा चेहरा पडला. मांडवात बातमी पोचली, नवरदेव गाडीसाठी अडून बसलाय. सासरे आले ते हात जोडूनच. तहसील कचेरीतला सरळ माणूस, डोळ्यांत पाणी! म्हणाले, "आधी बोलला असतात तर काहीतरी केलं असतं." मला तर घोडीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत वैशालीच बाहेर आली. माझी होणारी बायको! बँड आपोआप थांबला.

"गाडी पाहिजे?"

"नाही गं! ही घोडी... ही हलत नाही."

तिने शेवंतीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग मांडवाकडे बोट केलं. मोजून चाळीस पावलं.

"मग उतरा आणि चालत या!"

शपथेवर सांगतो, ऐंशी माणसांची वरात अर्धा तास घोडीशी झटत होती, आणि खाली उतरायचं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं!