ग्रँडसाहेबांची शाल

संक्रांतीनंतरचा रविवार, डब्लिनजवळच्या ल्यूकनचा कम्युनिटी हॉल. हजर: इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष मेधाताई, माझा नवरा सुहास, नागपूरहून आलेल्या सासूबाई, मंडळाचे सभासद, मी, आणि सत्कारमूर्ती ग्रँडसाहेब.

हे नाव आम्ही ठेवलेलं. साहेब मूळचे घानाचे, डब्लिनमध्ये नवनव्या कंपन्यांत पैसे गुंतवणारे. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. हो तर नाहीच नाही. काहीही सांगा, इथल्या आयरिश लोकांसारखं मान डोलावत म्हणायचे, "ग्रँड," म्हणजे छान, ठीक. सासूबाई वैतागून म्हणाल्या, "हा माणूस हो म्हनते का नाही म्हनते, समजूनच नाही राह्यलं."

मी डब्यांचा व्यवसाय करते. घरचा ओटा पुरेना, गिऱ्हाइकं परत पाठवावी लागत. ॲडम्सटाउन स्टेशनजवळ एक किचन भाड्यानं मिळत होतं, मालक थोडे दिवस थांबायला तयार होता. साहेबांनी पैसे घातले तर ते माझं, नाही तर दुसऱ्याचं.

साहेब 'व्यवसाय समजून घ्यायला' घरी येत आणि जेवून जात. जेवताना स्वतःची गोष्ट सांगत. आईचं अक्राच्या बाजारात कापडाचं दुकान. फोनवरून पैसे घ्यायची सोय ह्यांनी बनवली आणि दुकानोदुकानी फिरून विकली. पुढे कंपनीच विकून मोठे झाले. पहिल्या जेवणाला त्यांना एका बँकेनं हाकललं होतं, तिसऱ्या जेवणापर्यंत शहरातल्या सगळ्या बँकांनी. शेवटी ठरलेलं वाक्य: "मला कुणी पैसे दिले नाहीत, म्हणून मी घडलो." उपासाचे फायदे सांगत हे गृहस्थ पुरणपोळीवर आणखी तूप मागायचे.

मेधाताईंनी तोडगा काढला. "आधी सत्कार करू. खांद्यावर शाल पडली की माणूस बांधला जातो." आपल्या लोकांना हे पटतंच. शाल झाली, श्रीफळ झालं. 'महिलांच्या उद्योगाला मोलाचं सहकार्य' म्हणून ताईंनी इंग्रजीत आभार मानले. साहेबांचे डोळे पाणावले. फोटो मात्र त्यांनी दोनदा काढून घेतला.

आठवड्याभरात तो फोटो इंटरनेटवर त्यांच्या पानावर झळकला, खाली 'मी उभं केलेलं भारतीय महिलांचं किचन'. मी फोन लावला. "साहेब, पैशांचं काय ठरलं?"

त्यांना खरोखर नवल वाटलं. "पण तुम्ही माझे आभार मानलेत की." मग म्हणाले, "ग्रँड, बोलू."

थोड्याच दिवसांत ते आफ्रिकेत किगालीला एका मोठ्या फंडाचे प्रमुख होऊन गेले. मी ताईंना म्हटलं, "खरं काय ते लिहा त्या फोटोखाली."

"शाल आपणच घातली ना गं? आता कुठल्या तोंडानं लिहू?"

सुहास रोज विचारतो, "किचनवाल्याला नाही म्हणून सांगितलंस का?"

परवा त्यासाठीच ॲडम्सटाउनला गेले. मालक यायला वेळ होता. स्टेशनसमोरच्या दुकानांत शिरले आणि एकेकाला विचारत सुटले, दुपारचा डबा हवा का? न्हाव्यानं हो म्हटलं, औषधवालीनं मैत्रिणीसाठीही सांगितला. ही दारोदार फिरायची अक्कल कुणाची, ते मला ठाऊक आहे, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

मालक आला तेव्हा मी रांगेतल्या शेवटच्या दुकानात होते. त्याला न भेटताच परतले.

बाकी काम: किचनवाल्याला 'नाही' कळवणे.